तीस रब्बीची नोकरी

बी.एस्सी. ॲग्री संपत आलं की नाशिककडच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एक तर एमपीएससी दे, नाहीतर एखाद्या कंपनीत लाग." कृषी शास्त्रज्ञ हा पर्याय त्यानंतर येतो, तोही "पीएच.डी. करून पुढे काय?" अशा सुरात. पर्याय वाईट नाही, पण त्याचा हिशोब पगारात किंवा पदात मांडला की चुकतो. तो हंगामात मांडायचा. तिशीच्या आसपास नेमणूक, साठी-बासष्टीला निवृत्ती, म्हणजे हातात जेमतेम ३० रब्बी. गव्हावर काम करणाऱ्याला वर्षातून प्रयोगाची एकच संधी. नोव्हेंबर हुकला की थेट पुढचा नोव्हेंबर.

आधी एक नेहमीचा गोंधळ. कृषी खातं आणि कृषी संशोधन या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी ही शिडी राज्य शासनाची. योजना, अनुदान, पंचनामे, गुणनियंत्रण ही तिची कामं. संशोधनाची शिडी एक तर कृषी विद्यापीठाची किंवा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएआरची. आपला नाशिक जिल्हा १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. तिथे वरिष्ठ संशोधन सहायक, सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक अशी पदं आहेत. नावात प्राध्यापक असलं तरी संशोधन केंद्रावरच्या माणसाचा बराचसा दिवस प्रक्षेत्रावर जातो. आयसीएआरमध्ये जायचं तर कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची एआरएस (कृषी संशोधन सेवा) परीक्षा, मग हैदराबादच्या 'नार्म' या अकादमीमध्ये पायाभूत प्रशिक्षण, आणि त्यानंतर देशात कुठेही नेमणूक. सहायक प्राध्यापक आणि आयसीएआरचा शास्त्रज्ञ, दोघांचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपये. विद्यापीठाच्या जाहिराती अधूनमधूनच निघतात, त्यामुळे मधली वर्षं प्रकल्पावर एसआरएफ (सिनियर रिसर्च फेलो) किंवा यंग प्रोफेशनल म्हणून काढावी लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नाशिकमध्ये राहून हे काम पाहायचं असेल तर फार लांब जायला नको. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि येवला-नांदगावकडे पाचशे-सहाशे, असा हा जिल्हा. त्यामुळे एका केंद्रावर भागत नाही. इगतपुरीला भात, नागली, खुरासणी. पिंपळगाव बसवंतला कांदा आणि द्राक्ष. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू. थंडीत पेपरात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते, तो पारा याच कुंदेवाडीच्या केंद्रावर मोजलेला असतो. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी ही तीर्थयात्रेची यादी वाटेल, पण ही निफाडच्या गव्हाच्या वाणांची नावं आहेत. पिशवीवर एनआयएडब्ल्यू-३०१ असं लिहिलेलं असतं ते त्र्यंबक. एनआय म्हणजे निफाड, ए म्हणजे एस्टिव्हम (सरबती), डब्ल्यू म्हणजे व्हीट. ए-च्या जागी डी दिसला तर तो ड्युरम, आपला बन्सी. गोदावरी तसा, एनआयडीडब्ल्यू-२९५.

आता अशा एका नावामागे किती रब्बी जातात ते बघा.

सुरुवात चिमट्यानं होते. मादी वाणाची ओंबी पोटरीतून नुकती बाहेर पडलेली हवी. वरच्या आणि खालच्या अपक्व कणिशका काढून टाकायच्या, मधल्या दहा-बारा ठेवायच्या. प्रत्येक कणिशकेतलं मधलं फूल उपटायचं आणि बाजूची दोन मोठी फुलं राखायची. कुसळं आणि तुसाचा वरचा भाग कात्रीनं कापायचा. मग प्रत्येक फुलातले तिन्ही परागकोष न फोडता बाहेर काढायचे. बारा कणिशका धरल्या तर एका ओंबीत ७२ परागकोष झाले. ते हिरवे असतानाच काढायचे. पिवळे दिसले तर ती ओंबी सोडून द्यायची, कारण तिथे स्वपरागण होऊन गेलेलं असण्याची शक्यता मोठी. बटर पेपरची पिशवी चढवायची आणि दोन-तीन दिवस थांबायचं. कुक्षी पिसासारखी फुलली की नर वाणाची ओंबी, तीही टोकं कापून, थोडं ऊन दाखवून, परागकोष बाहेर डोकावू लागल्यावर, पिशवीत उलटी धरून बोटांत फिरवायची. पुन्हा पिशवी, पुन्हा लेबल.

फसतं कुठे? चिमट्याला मागच्या ओंबीचे परागकण चिकटून राहतात, म्हणून दर वेळी तो स्पिरिटमध्ये बुडवायचा. पिशवी चढवलेली ओंबी वाऱ्यानं मोडते, म्हणून शेजारी काडी रोवून बांधायची. आणि लेबल पेनानं लिहिलं तर निफाडच्या दवात सकाळपर्यंत शाई पसरते. लेबल आणि फील्ड बुक दोन्ही पेन्सिलीनं. नव्या मुलांना हे जुनाट वाटतं, एका हंगामापुरतं.

या ओंबीतून जे वीस-बावीस दाणे मिळाले, तो एफ-१, म्हणजे संकराची पहिली पिढी. पुढच्या रब्बीत तो पेरायचा, त्यापुढच्या रब्बीत एफ-२, आणि तिथे झाडागणिक फरक दिसायला लागतो: उंची, ओंबीत येण्याचा दिवस, तांबेरा रोग. निवड करत करत वंश स्थिर व्हायला एफ-६, एफ-७ उजाडतो. उन्हाळ्यात निलगिरीतल्या वेलिंग्टनला किंवा लाहौलच्या दलंग मैदानावर दर वर्षी एक जादा पिढी काढून आणली तर दोन-तीन वर्षं वाचतात. मग केंद्रावरच्या चाचण्या. त्यानंतर अखिल भारतीय समन्वित गहू प्रकल्पाच्या चाचण्या, किमान तीन वर्षं. निफाड त्यात द्वीपकल्पीय विभागात मोडतं. या चाचण्यांत वाण सांकेतिक क्रमांकानं येतात, त्यामुळे आपल्या प्लॉटात कुणाचा वाण उभा आहे हे पेरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ही पद्धत मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. तांबेऱ्याची परीक्षा वेगळी: रोपावस्थेत सिमल्याच्या फ्लॉवरडेलला, मोठ्या झाडावर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी. सगळं जमलं तर वाण प्रसारण समिती, अधिसूचना, आणि मग बियाण्याची साखळी: पैदासकार बियाण्याला पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. शेतकऱ्याच्या हातात निळा टॅग पडेपर्यंत चिमटा धरल्याला दहा-बारा रब्बी होऊन गेलेल्या असतात. म्हणजे ३० रब्बींत दोन वाण, नशीब असलं तर तीन, आणि एकामागे एक नव्हे, एकमेकांत गुंफून.

कांद्याचं त्याहून कठीण. रब्बीचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकलं, एप्रिलमध्ये कांदा निघाला. उन्हाळ कांद्यात टिकवण हाच मुख्य गुण, म्हणून तो चार-पाच महिने चाळीत ठेवून महिन्या-महिन्याला वजनातली घट, सड आणि कोंब वेगवेगळे नोंदवायचे. जे टिकले ते कांदे नोव्हेंबरमध्ये पुन्हा लावायचे, बी मिळणार पुढच्या मे महिन्यात. म्हणजे निवडीची एक पिढी दोन वर्षांची, आणि अख्ख्या नोकरीत फार तर १५ पिढ्या. त्यात कांदा परपरागीभवनाचा. मधमाशी कुंपण बघत नाही. म्हणून पायाभूत बियाण्याच्या प्लॉटला १,००० मीटर आणि प्रमाणितला ५०० मीटर विलगीकरण लागतं, आणि निफाड-चांदवड पट्ट्यात ५०० मीटरच्या आत दुसऱ्याच्या कांद्याचे गोंडे (फुलोरे) नाहीत अशी जागा शोधणं हेच एक संशोधन आहे. पिंपळगावच्या एन-२-४-१ सारखा जुना वाण अजूनही नावानं मागितला जातो, त्याचं कारण या हिशोबात आहे.

आता वजनकाट्याकडे येतो, कारण शिफारस नावाची गोष्ट शेवटी तिथे जन्मते.

समजा गव्हाच्या चाचणीत निव्वळ प्लॉट ५ मीटर लांब आणि २० सेंटिमीटरवरच्या सहा ओळींचा, म्हणजे १.२ मीटर रुंद. क्षेत्र झालं ६ चौरस मीटर. हेक्टरी उत्पादन काढायचं तर प्लॉटच्या वजनाला १,६६७ नं गुणायचं. २.४ किलो निघाले तर हेक्टरी ४० क्विंटल. पण वजन करताना १०० ग्रॅम चुकले तर हेक्टरी १६७ किलो चुकले! विद्यापीठ सांगतं, की १५ नोव्हेंबरनंतर पेरणी लांबली तर दर पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट येते. हे अडीच क्विंटल त्या प्लॉटात किती भरतात? दीडशे ग्रॅम. चहाच्या दोन कपांएवढा गहू. एवढ्या फरकावर जिल्ह्याचं पेरणीचं वेळापत्रक उभं राहतं.

म्हणून काळजी कशाकशाची घ्यायची ते ऐका. कडेच्या ओळींना जास्त ऊन आणि खत मिळतं, त्या आधी कापून बाजूला काढायच्या. त्या मिसळल्या तर प्रत्येक प्लॉट फुगतो, आणि जास्त फुटव्यांचा वाण जास्त फुगतो. मळणी यंत्र दर प्लॉटनंतर पूर्ण रिकामं करून झटकायचं. घाईत असलेला मजूर हे करत नाही, आणि त्याच्या शेजारी उभं राहायला साहेबाला लाज वाटते. लेबल गोणीच्या आतही टाकायचं आणि बाहेरही बांधायचं. सगळे प्लॉट एकाच दिवशी तोलायचे, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास एकसारखा आल्यावर. सकाळी निम्मे आणि दुपारी निम्मे तोलले, की वाणांऐवजी ऊनच मोजलं जातं. लवकर पक्व होणाऱ्या वाणावर चिमण्या-पोपट आधी बसतात, त्यामुळे पाखरं राखायचा माणूस पहिल्या ओंबीपासून हवा, शेवटच्या आठवड्यात नेमून उपयोग नाही.

याच्याही आधीची चूक आखणीत होते. रिप्लिकेशनचा, म्हणजे सगळे वाण एकेकदा येतात त्या पुनरावृत्तीचा, पट्टा आतून एकसारखा हवा. शेताला चढ-उतार असेल, पाटाकडची बाजू भारी आणि बांधाकडची हलकी असेल, तर प्रत्येक पट्टा चढाला आडवा घ्यायचा, म्हणजे एका पट्ट्यातल्या सगळ्या वाणांना सारखीच जमीन मिळते. उभा घेतला तर एक वाण गाळात आणि दुसरा मुरमात. मग आकडेमोड कितीही केली तरी उत्तर जमिनीचंच येतं. संख्याही जपायची. पाच ट्रीटमेंट (तुलनेतले वाण किंवा मात्रा) असतील तर किमान चार रिप्लिकेशन, कारण त्रुटीचे स्वातंत्र्यांक (एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम), म्हणजे (चार वजा एक) गुणिले (पाच वजा एक), म्हणजे १२ तरी यायला हवेत. जागा कमी म्हणून दोनच रिप्लिकेशन घेतली तर ते चारवर येतात. मग शेतात ठळक दिसणारा फरकही कागदावर 'एनएस' (नॉन-सिग्निफिकंट) ठरतो, आणि एक रब्बी पाण्यात.

तीन वर्षांची अशी आकडेवारी एकत्र केली की ती संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीपुढे जाते. बोलीत जॉइंट ॲग्रेस्को. चारही कृषी विद्यापीठांचे लोक समोर बसलेले असतात. तिथे शिफारस बाद होते ती बहुतेकदा दोन प्रश्नांवर: तुल्य वाण (तुलनेसाठीचा प्रचलित वाण) कोणता घेतला होता, आणि खर्च-नफ्याचं गुणोत्तर कुठे आहे? एक हंगाम खराब गेला म्हणून तो वगळून दोन वर्षांवर भागवायला जाणारे तिथेच अडकतात. खरं तर खराब वर्षाचा आकडा शेतकऱ्याच्या जास्त कामाचा असतो.

पदोन्नतीचं गणित मात्र वेगळं चालतं. तिथे शोधनिबंध आणि त्या नियतकालिकाचं 'नास' (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी) रेटिंग मोजलं जातं. शिवार फेरीत तास-तास उभं राहून केवडा आणि भुरी या रोगांतला फरक दाखवला, त्याचे गुण नाममात्र. त्यामुळे हुशार मुलं प्रयोगशाळेतल्या छोट्या, लवकर छापून येणाऱ्या कामाकडे वळतात. दोष मुलांना देण्यात अर्थ नाही, पण ३० रब्बींचं काम हाती घेणाऱ्यांची संख्या त्यामुळे घटते, हे उघड आहे.

लोकसेवेचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे बियाणे तक्रारीची पाहणी, आणि ती कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत. शेतकऱ्यानं तक्रार दिली की कृषी खात्याचे अधिकारी आणि विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ अशी समिती शेतावर जाते. तुमचा अहवाल पुढे ग्राहक आयोगात वाचला जाऊ शकतो. बियाण्याच्या नुकसानीसाठी शेतकरी तिथे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली स्पष्ट केलेलं आहे. म्हणून 'बियाणे सदोष दिसते' असं एक वाक्य लिहून सही करणं म्हणजे दोन्ही बाजूंवर अन्याय.

कांद्यातलं उदाहरण घेऊ. तक्रार असते: "निम्म्या प्लॉटला डेंगळे (फुलांचे दांडे) आले, बियाणं बोगस." शेतात गेल्यावर सगळ्यात आधी पाच जागी एक-एक चौरस मीटरची चौकट टाकायची. १५ बाय १० सेंटिमीटरवर लागवड असेल तर चौकटीत साधारण ६६ झाडं असतात. त्यात डेंगळे किती, जोडकांदे किती, रंग वेगळा किती, हे वेगवेगळं मोजायचं. बांधावरून नजरेनं "सत्तर टक्के" लिहायचं नाही. मग पुनर्लागवडीची तारीख आणि रोपाचं वय विचारायचं. खरिपाला ४५ दिवसांचं आणि रब्बीला ५०-५५ दिवसांचं रोप चालतं. पाण्याची वाट बघत ते वाफ्यातच जाडजूड झालं आणि लागवडीनंतर थंडीची लाट आली, तर चांगलं बियाणंही डेंगळे देतं. मोठ्या रोपाला थंडी लागली की त्याला फुलाचा इशारा मिळतो. याउलट, त्याच लॉटचं बियाणं घेतलेल्या, तारीख आणि रोप नीट सांभाळलेल्या दुसऱ्या शेतातही तसंच चित्र असेल, शेजारच्या वेगळ्या लॉटला मात्र काही झालेलं नसेल, तर संशय बियाण्यावर जातो. खरिपाचा वाण रब्बीत विकला गेला का, हेही तिथेच कळतं. त्यामुळे एकच शेत पाहून परत येऊ नका. त्याच लॉटची आणखी दोन शेतं तरी पाहायचीच.

उगवणीच्या तक्रारीत हिशोब वेगळा. किमान उगवण कांद्याला ७० टक्के, सोयाबीनला ७०, गव्हाला ८५. ओळीत एक मीटर अंतर धरून रोपं मोजायची, मग माती उकरून न उगवलेला दाणा हातात घ्यायचा. कुजलेला आहे, किड्यानं खाल्लाय, की फुगून कोंब वर यायच्या आधीच अडकलाय? सोयाबीन चार सेंटिमीटरच्या खाली गेलं आणि वरून पावसानं पापडी धरली, तर दाणा जिवंत असूनही वर येत नाही. निर्णायक पुरावा म्हणजे शिल्लक बियाणं, पण ते ठेवलेलं असतंच असं नाही. टॅग पिशवीबरोबर फेकून दिलेला, बिल कच्चं. म्हणून मेळाव्यात भाषण देण्यापेक्षा एवढंच सांगत जावं: पक्कं बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत ठेवा.

द्राक्षात लोकसेवा आणखी वेगळं रूप घेते. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणतात. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून घडनिर्मिती वाढावी म्हणून ते फवारलं जात होतं, आणि तेव्हाच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. फवारणी उन्हाळ्यात, फळ जानेवारी-फेब्रुवारीत, मधे दुसरी छाटणी, तरी अंश मण्यांत उतरला, कारण ते वेलीच्या खोडा-ओलांड्यांत साठून राहतं. काढणीपूर्व कालावधी दिवसांत मोजायची सवय असलेल्या सगळ्यांनाच हा धक्का होता. पुढे ते तपासणीच्या यादीत आलं. या क्षेत्रात येणाऱ्यानं यातून एक सवय घ्यावी: कुठलीही फवारणी सुचवताना ती झाडात कुठे जाते आणि किती टिकते, हे आधी विचारायचं, किडीवर परिणाम होतो का ते नंतर.

शेवटी बदलीबद्दल. ३० रब्बींत तीन-चार बदल्या ठरलेल्या. प्रयोग मात्र जागचे हलत नाहीत. कार्यभार देताना जडवस्तू नोंदवहीतले वजनकाटे, खुर्च्या, पंप काटेकोर मोजून दिले जातात, कारण त्यावर वसुली निघते. वंशसंग्रहाची पाकिटं मात्र 'एक कपाट' म्हणून देऊन टाकतात. पाकिटावर वंशाचं नाव, कुठल्या वर्षीचं बी, शेवटची उगवण तपासणी कधी, एवढं नसेल तर आत आहे ते पाखरांचं खाद्य. फील्ड बुकची एक प्रत केंद्रावर ठेवायची, मूळ प्रत घरी न्यायची नाही. कायमस्वरूपी प्लॉटवरचे खताचे प्रयोग असतील तर नकाशा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे दर वर्षी त्याच प्लॉटात तीच मात्रा पडावी लागते. नकाशावर उत्तर दिशा काढा, आणि प्रयोगाचा पहिला कोपरा विहिरीपासून किती मीटर आणि विजेच्या खांबापासून किती मीटर, ही दोन अंतरं लिहा. एक पुरत नाही. खुंट्या नांगराला लागून उखडतात, बांध सरकतो, आणि नवा माणूस बहुधा जूनमध्ये येतो, तेव्हा शेत रिकामं असतं आणि सगळे प्लॉट एकसारखे दिसतात.